४७ ई/४ : शहराखालची गावे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या '४७ ई/४' या शीटवर मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मलंगगड एवढी ठिकाणे मावतात. ठाणे मात्र त्यावर नाही. ७३ अंश पूर्व रेखावृत्त कळव्याच्या आसपासून जाते, तिथेच ही शीट संपते आणि शेजारची '४७ ए/१६' सुरू होते. ठाणे शहर त्या दुसऱ्या शीटवर आहे. कल्याण पहिल्या शीटच्या वरच्या कडेला इतके चिकटलेले आहे, की टिटवाळा पाहायचा तर '४७ ई/३' काढावी लागते, आणि घोडबंदरसाठी '४७ ए/१५'. रोज लोकलने जो टापू माणसे तासाभरात पार करतात, तो नकाशात पाहायला चार कागद शेजारी शेजारी मांडावे लागतात.

या क्रमांकांचा हिशेब एकदा कळला की कोणत्याही गावाची शीट सापडते. चार अंश बाय चार अंश असा मोठा चौकोन म्हणजे ४७. तो अक्षवृत्त १६ ते २० आणि रेखावृत्त ७२ ते ७६ यांच्यामध्ये येतो. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, ए पासून पी पर्यंत. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे, पंधरा मिनिटांचे. मोजणी वरून खाली आणि मग उजवीकडच्या उभ्या रांगेत. या शेवटच्या तुकड्याची लांबी-रुंदी आपल्या अक्षांशावर साधारण २७ बाय २६ किलोमीटर भरते. म्हणजे एका कागदावर ७०० चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख, आणि तोही एकेक विहीर, देऊळ, पायवाट दाखवणारा. शाळेच्या भूगोलात ज्याला स्थलदर्शक नकाशा आणि बोलताना सगळे जण टोपोशीट म्हणतात, तो हा.

सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. आज जुन्या म्हणून हाती येणाऱ्या रंगीत टोपोशीट मात्र त्यामानाने अलीकडच्या आहेत. १९०४-०५ च्या समितीने देशभर एक इंचाला एक मैल या प्रमाणावर नव्याने मोजणी करण्याची शिफारस केली आणि त्यातून ही मालिका निघाली. मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणून प्रमाण १:६३,३६०. मेट्रिक पद्धत आल्यावर ते १:५०,००० झाले, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. चौकोन तेच राहिले, म्हणून आजोबांच्या काळची ४७ ई/४ आणि आजची शीट शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

ताडण्याआधी समासावर नजर टाकावी लागते. तिथे दोन वेगळी साले असतात: जमिनीवर मोजणी कधी झाली ते आणि कागद कधी छापला ते. दोहोंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. त्यातून मधल्या काळात नवा लोहमार्ग किंवा रस्ता तेवढा भरून, बाकीचे सगळे जुनेच ठेवून शीट पुन्हा छापली जाई. अशा शीटवर नव्या रुळांच्या कडेला चाळीस वर्षांपूर्वीची गावे दिसतात. छपाईचे साल पाहून 'तेव्हा इथे घरे नव्हती' असे ठरवणे ही या वाचनातली सर्वात नेहमीची चूक आहे.

आतल्या खुणांवरूनही शीटचे वय काढता येते. पारसिकचा बोगदा दिसत असेल तर मोजणी किंवा दुरुस्ती १९१६ नंतरची. मुंबई उपनगर जिल्ह्याची हद्द असेल तर १९२० नंतरची. उल्हासनगर हे नाव असेल तर १९४९ नंतरची. दिव्याहून पनवेलकडे रूळ निघालेले असतील तर साठच्या दशकापर्यंत यावे लागते.

रंगांची भाषा सोपी आहे. तपकिरी रेषा उंचीच्या, हिरवा झाडोरा, पिवळी लागवडीखालची जमीन, पांढरी पडीक, लाल रस्ते आणि वस्ती, निळे पाणी, काळ्यात नावे, रूळ आणि कोरडे ओढे. यातला 'कोरडे' हा शब्द कोकणात फसवा ठरतो. मोजणीची पथके पाऊस संपल्यावर बाहेर पडत आणि पुढचा पाऊस येण्याआधी परतत. त्यांनी पाहिलेला ठाणे जिल्हा हिवाळ्या-उन्हाळ्यातला होता: भात कापून झालेले, ओढे आटलेले, वाटा मोकळ्या. पावसाळ्याचे चार महिने, ज्यांच्यावर इथले सगळे जगणे बेतलेले होते, ते या नकाशात नाहीतच. त्यामुळे जो नाला जुलैत गुडघाभर पाण्याने रस्ता अडवतो तो शीटवर केसाएवढ्या काळ्या रेषेत उरतो. वालधुनी काकोळ्याच्या बाजूने येऊन अंबरनाथ आणि उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीला मिळते; तिला येऊन मिळणारे ओहोळ असेच काळ्या रेषांचे आहेत. आज त्यातल्या कित्येकांवर स्लॅब पडले आहेत. कोणत्या सोसायटीच्या तळमजल्यात दरवर्षी पाणी का शिरते, याचे उत्तर बऱ्याचदा या बारीक काळ्या रेषांजवळ सापडते.

उंचीच्या रेषांचेही तसेच. एक इंची शीटवर त्या पन्नास फुटांच्या अंतराने काढल्या जात. मलंगगड, पारसिक किंवा घोडबंदरच्या डोंगरांसाठी हे ठीक आहे. तिथे रेषा एकमेकींना खेटून येतात आणि कडा डोळ्यांसमोर उभा राहतो. पण डोंबिवली-कल्याणचा बहुतेक सपाट भाग पहिल्या पन्नास फुटांच्या आतच मावतो. त्या सगळ्या पट्ट्यात एकही तपकिरी रेषा नाही. भरतीचे पाणी कुठवर येते आणि कुठे येत नाही हा इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वात मोठा प्रश्न, आणि त्याबद्दल उंचीच्या रेषा गप्प. नव्या शीटवर हे अंतर वीस मीटरचे आहे, म्हणजे पासष्ट फुटांचे. ती आणखीच गप्प.

उत्तर निळ्या रंगात शोधावे लागते. उल्हास नदी कल्याणपाशी खाडी होते आणि तिथून डोंबिवली, मुंब्रा, ठाणे करत घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांना खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी चिखलाची जमीन. खाजणाच्या आतल्या बाजूला बांध, आणि बांधाच्या आत शेते. शीटवर हा बांध बारीक दातेरी रेषेसारखा दिसतो आणि काही ठिकाणी शेजारी '४' किंवा '६' असा आकडा आणि पुढे 'आर' असे अक्षर असते. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती उंच, ते त्यातून कळते. चार-सहा फुटांच्या त्या मातीच्या रेघेने खारे पाणी बाहेर आणि भाताचे गोडे पाणी आत ठेवले होते. बांधाला उघाडी असे. ओहोटीला ती उघडून आतले पाणी सोडायचे आणि भरतीला बंद करायची. बांध फुटला की शेत दोन-तीन वर्षे खारपडीचे. मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारभूमीसाठी वेगळा कायदा केला, तो याच शेतीपायी. ज्या शीटवर बांधाची रेषा सलग आहे आणि पुढच्या आवृत्तीत मध्येच तुटून आत खारफुटीचा हिरवा ठिपका आला आहे, तिथे शेत सोडून दिल्याची नोंद वाचायला मिळते. दुसरी कोणती सरकारी नोंद इतक्या थोडक्यात ते सांगत नाही.

खाजणावर निळ्या चौकटींची जाळी असेल तर ते मिठागर. ठाण्यापासून मुलुंड-भांडुपपर्यंतच्या खाडीकाठी ती होती. भात आणि मीठ ही दोन्ही कामे आगरी समाजाच्या हातात होती, आणि दोन्हींना बांध लागतो. ठाण्याच्या चेंदणीजवळचा मीठबंदर रस्ता आणि कळव्याशेजारचे खारेगाव या नावांचा अर्थ शीटवरच्या निळ्या जाळीकडे पाहिले की वेगळा सांगावा लागत नाही.

बांधाच्या आतली भातशेती, तिच्या कडेला जरा उंचवट्यावर गावठाण, गावठाणामागे डोंगराच्या पायथ्याची वरकस जमीन आणि त्यावर झाडी, हा क्रम डोंबिवलीपासून शिळपर्यंत पुन्हा पुन्हा दिसतो. यात योगायोग नाही. भाताची रोपे तयार करायला पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण जाळावे लागे. त्याला राब म्हणतात. राबासाठी झाडे जवळ हवीत. वरकसावर नाचणी-वरी. पावसाळ्यात गुरे बांधायला कोरडी जागा. म्हणून गाव भाताच्या मधोमध कधीच नसे, कडेला असे. शीटवर गावांची लाल टिंबे जोडली तर पिवळ्याच्या आणि हिरव्याच्या सीमेवरून जाणारी एक वाकडीतिकडी माळ तयार होते. आजच्या नकाशात ती माळ हरवली आहे, पण गल्ल्यांच्या आकारात तिचे मणी सापडतात. सरळ रस्त्यांच्या वसाहतीत अचानक अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या लागल्या आणि मध्ये गावदेवीचे देऊळ दिसले, की ते जुने गावठाण समजावे.

नावे वाचताना एक अडचण आहे. छापील शीटवर नावे रोमन लिपीत, आणि रोमन लिपीत 'ळ' नाही. 'ट' आणि 'त', 'ण' आणि 'न' यांच्यातला फरकही छपाईत बुजतो. निळजे, गोळवली, चोळे, कोळे, कळवा ही सगळी नावे शीटवर 'ल' ची होऊन बसतात, आणि ज्याला गाव ठाऊक नाही तो 'चोले' आणि 'कोले' असे वाचत सुटतो. जुन्या शीटवरून नावे उतरवून घेणाऱ्याने तलाठ्याच्या दप्तरातली किंवा गावकऱ्याच्या तोंडची नावे शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी गंमत जुळ्या नावांची. कल्याण तालुक्यात नांदिवली दोन आहेत: नांदिवली तर्फे पंचानंद आणि नांदिवली तर्फे अंबरनाथ. तर्फ हा महसुली वाटणीचा जुना विभाग. तो कारभारातून गेला, पण सातबाऱ्यावर आणि गावाच्या नावाला चिकटून राहिला. पाडा हा शब्द शीटवर बारीक टाइपात येतो, कारण पाडा म्हणजे मुख्य गावाची वाडी. देवीचा पाडा, कुंभारखाणपाडा, सोनारपाडा, मानपाडा ही तेव्हाची बारीक टाइपातली वस्ती. आज त्यांच्या नावाने रिक्षा स्टँड आहेत.

रुळांकडे आले की शीट बोलकी होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली. १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत गेली. मधला अडथळा पारसिकच्या डोंगराचा. शीटवर त्या डोंगराच्या तपकिरी रेषा खाडीच्या पाण्याला जवळजवळ टेकलेल्या दिसतात, आणि रूळ त्या फटीतून, पाण्याच्या कडेकडेने वळसा घालत मुंब्र्याकडे सरकतात. डोंगर फोडण्यापेक्षा वळसा स्वस्त पडला होता. सुमारे साठ वर्षांनी गाड्या वाढल्या, वळसा परवडेनासा झाला आणि १.३ किलोमीटरचा बोगदा १९१६ मध्ये वापरात आला. पुढे शंभरेक वर्षे जलद लोकल बोगद्यातून आणि धीमी वळशाने, हा फरक प्रवाशांच्या अंगवळणी पडला. त्याचे कारण त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या तपकिरी गर्दीत आहे. कल्याणला रूळ दुभंगतात: एक फाटा कसाऱ्याकडे थळ घाटाला, दुसरा कर्जतकडे बोर घाटाला. खाडीकाठच्या जुन्या बंदराचे जंक्शन झाले ते या दुभंगामुळे. ठाकुर्लीला चोळ्याच्या जमिनीवर रेल्वेने विजेवरच्या गाड्यांसाठी वीजघर उभारले, १९२९ च्या सुमारास. त्याआधीच्या शीटवर तिथे गाव आहे, वीजघर नाही.

रस्त्यांचा इतिहास रुळांहून जुना. कल्याण हे सातवाहन काळातले बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव आहे आणि 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते कॅलिएना म्हणून येते. त्याचा माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटावरची ती वाट टोपोशीटवर तुटक रेषेची आहे, बैलगाडीची नव्हे, लमाणी बैलांची आणि पायी माणसांची. सपाटीवर तिच्याच आसपासून आजचा कल्याण-मुरबाड रस्ता जातो. ठाणे, कळवा, मुंब्रा, शिळफाटा, पनवेल हा रस्ता जुन्या शीटवर ठळक लाल रेषेत दिसतो तेव्हा नव्या वाचकाला नवल वाटते. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. तोवर मुंबईहून पुण्याला मोटारीने जायचे तर ठाणे आणि मुंब्रा लागायचेच.

दुसऱ्या महायुद्धाने या शीटवर सर्वात मोठा ओरखडा काढला. कल्याण आणि अंबरनाथ यांच्यामधल्या मोकळ्या जमिनीवर लष्कराची छावणी आली, आणि नेवाळीजवळ धावपट्टी. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. युद्धाआधीच्या शीटवर ही जागा शोधायला डोळे ताणावे लागतात, कारण तिथे नाव घेण्याजोगे काही नाही. नंतरच्या शीटवर सरळ रेषांत मांडलेल्या बराकी आहेत, आणि उल्हासनगरातला माणूस आजही पत्ता 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतो. नेवाळीच्या धावपट्टीची जमीन कोणाची हा प्रश्न मात्र मिटला नाही. जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचे आंदोलन चिघळले, रस्ते अडले, गाड्या जळल्या. अशा वादात जुनी शीट काय सांगू शकते याची मर्यादा ओळखायला हवी. तिथे शेती होती हे ती सांगते. शेत कोणाचे होते हे ती कधीच सांगत नाही.

मालकीसाठी भूमी अभिलेख खात्याकडचा गाव नकाशा लागतो. मुंबई इलाख्यात १८३५ मध्ये इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या महसुली मोजणीची ती परंपरा: एकेका शेताला सर्व्हे नंबर, बांधाच्या खुणा, पुढे सातबारा. टोपोशीट लष्कराच्या आणि बांधकाम खात्याच्या गरजेतून निघाली. तोफा कुठून चढतील, पूल कुठे लागेल, तळ ठोकायला पाणी कुठे मिळेल, हे तिचे प्रश्न. म्हणून विहीर आहे, पण ती कोणाला चालायची आणि कोणाला नाही, हे नाही. झाडी आहे, पण तीतून राब तोडण्याचा हक्क कोणत्या पाड्याला होता, हे नाही. ज्या कातकरी कुटुंबांचे घर दर हंगामाला हलत असे, त्यांची वस्ती पथक आले त्या दिवशी तिथे असेल तरच कागदावर आली. गॅझेटियर ही फट थोडी भरते. ठाणे जिल्ह्याचा जेम्स कॅम्पबेल यांनी संपादलेला १८८२ चा खंड शेती, मीठ, बंदरे आणि जातीजमाती यांच्यावर तपशिलाने बोलतो. बाकीची फट गावातल्या म्हाताऱ्यांनीच भरायची.

बुडालेल्या गावांच्या बाबतीत मात्र शीटला तोड नाही. औद्योगिक विकास महामंडळाने बदलापूरच्या पलीकडे बारवी धरण बांधले. त्याची उंची पुढे वाढवत नेली, आणि तोंडलीसारख्या गावांची घरे-शेते पाण्याखाली गेली. जुन्या शीटवर त्या जागी गावाचे नाव, लाल टिंब, विहीर आणि देवळाची खूण आहे. नव्या शीटवर त्याच अक्षांश-रेखांशावर निळा.

हे कागद मिळवणे एके काळी अवघड होते. किनाऱ्यापासून ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या शीट लष्करी कारणांसाठी राखीव असत, आणि ठाणे-कल्याण सगळेच त्या पट्ट्यात. डोंबिवलीच्या शिक्षकाला स्वतःच्या गावाची शीट पाहायला परवानगी काढावी लागे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका दिली, २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने 'नक्शे' या पोर्टलवरून तिच्या शीट मोफत उतरवून घेण्याची सोय केली, आणि २०२१ नंतर निर्बंध आणखी सैल झाले. जुन्या शीट ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत पाहाव्या लागतात. अमेरिकी लष्कराने भारताच्या जुन्या शीटवरून १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येते. गाव नकाशे राज्य सरकारच्या महाभूनकाशावर आहेत. जुनी शीट आजच्या उपग्रह चित्रावर बसवताना ती किंचित सरकलेली दिसेल, कारण जुन्या नकाशांनी पृथ्वीचा वेगळा आकार, सर्वेक्षक एव्हरेस्ट यांनी मांडलेला, गृहीत धरला होता. नदीचे वळण किंवा रुळांचा फाटा जुळवून घेतला की बाकीचे जागेवर येते.

कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली. तिच्या पूर्व आणि दक्षिण कडेची २७ गावे, निळजे, काटई, घेसर, कोळे, हेदुटणे, उसरघर, संदप, भोपर, दावडी, आडिवली-ढोकळी आणि बाकीची, २००२ मध्ये तिच्यातून वगळली गेली आणि २०१५ मध्ये परत आली. ही गावे शेते विकून इमारती होण्याच्या मध्यावर आहेत. तिथे बांध, उघाडी, गावठाण, वरकस हे सगळे अजून पायी फिरून ओळखता येते. ४७ ई/४ हातात घेऊन फिरायचे असेल, तर सुरुवात तिथून करावी, आणि पावसाळ्याआधी करावी.